इब्राहिमखान गारदी : पडद्यावरचे आणि पानिपतावरचे



चित्रपट हे आजच्या काळातील सर्वात प्रभावी पाठ्यपुस्तक होय, असे म्हटले तर ते वावगे ठरू नये. आम्ही शिक्षक मंडळी वर्षभर इतिहासाचे जे धडे शिकवतो, त्यातील बरेचसे परीक्षा संपताच विद्यार्थ्यांच्या डोक्यातून निघून जातात. परंतु पडद्यावर अडीच तासांत पाहिलेली लढाई मात्र मुलाच्या मनात वर्षानुवर्षे घर करून राहते. पूर्वी चित्रपट पाहावयाचा म्हणजे जळगावच्या थिएटरपर्यंत जावे लागे, तिकिटाचे पैसे लागत आणि घरातल्या मोठ्यांची परवानगी लागे. आता तो प्रत्येक घरात, प्रत्येक हातातील मोबाइलवर आला आहे. म्हणूनच या विषयावर आपल्या स्मरणिकेतून चार शब्द लिहावे असे वाटले.

लिहावेसे वाटण्याचे आणखी एक कारण आहे. इयत्ता सातवीच्या वर्गात पानिपतच्या तिसऱ्या लढाईचा धडा चालू होता. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. त्याने त्या लढाईवरचा चित्रपट मोबाइलवर पाहिला होता. त्याने मला विचारले की, सर, त्या लढाईत आपण कोणत्या बाजूला होतो? प्रश्न साधा होता, पण त्यातील 'आपण' हा शब्द साधा नव्हता. वर्गातील एकही मुलगा हसला नाही. सगळेच माझ्याकडे पाहू लागले. तो प्रश्न त्या एकट्याचा नाही, हे मला त्या क्षणी कळले.

मी त्या दिवशी वर्गाला एका माणसाची हकीकत सांगितली. तीच येथे सविस्तर सांगत आहे.

पडद्यावरचे धर्मयुद्ध

मराठी माणसाला ऐतिहासिक चित्रपटांचे वेड पहिल्यापासूनच आहे. बोलपट येण्याच्याही आधी, १९२३ साली, कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांनी 'सिंहगड' हा मूकपट काढला. त्यानंतर व्ही. शांताराम, भालजी पेंढारकर यांच्यासारख्या दिग्दर्शकांनी ही परंपरा वाढवली. अलीकडच्या काळात 'पानिपत' (२०१९), 'तान्हाजी' (२०२०), 'छावा' (२०२५) असे मोठ्या खर्चाचे हिंदी चित्रपट मराठ्यांच्या इतिहासावर निघाले आणि गावोगावी पाहिले गेले.

आपल्या पूर्वजांच्या पराक्रमाचा अभिमान वाटणे यात गैर काहीच नाही. हा इतिहास महाराष्ट्रातील सर्वांचा आहे, आपलाही आहे. पण चित्रपटाची म्हणून एक सोय असते. शेकडो सरदार, वर्षानुवर्षांचे तह, पगाराच्या थकबाक्या, धान्याचे भाव हे सारे पडद्यावर दाखवता येत नाही. दाखवले तर प्रेक्षक कंटाळतो. म्हणून दिग्दर्शक एक नायक आणि एक खलनायक निवडतो. नायकावर उजेड पडतो, खलनायकावर अंधार. नायकामागे देवळाची घंटा वाजते. खलनायकाच्या डोळ्यांत सुरमा, अंगावर काळे कपडे आणि पुढ्यात मांसाचे ताट येते. राज्यासाठी झालेली लढाई पाहता पाहता दोन धर्मांची लढाई होऊन जाते. मग थिएटरच्या अंधारात बसलेला आपला मुलगा स्वतःला विचारतो की, मी कोणत्या बाजूचा?

अशा वेळी पडद्याच्या एका कोपऱ्यात, मराठी तोफांच्या शेजारी उभा असलेला एक माणूस त्याला दाखवणे हे आपले काम आहे. त्या माणसाचे नाव इब्राहिमखान गारदी.

शिपाई कसा घडला

अठराव्या शतकाच्या मध्यास दक्षिणेत हैदराबादच्या दरबारी बुसी नावाचा एक फ्रेंच सेनापती होता. १७५१ ते १७५८ या काळात त्याने तेथे नव्या पद्धतीचे पायदळ उभे केले. त्यात बहुतेक शिपाई याच देशातले होते, पण त्यांची कवायत फ्रेंच धर्तीची होती. ते रांगेत चालत, हुकुमासरशी थांबत, एकदम बंदुका झाडत आणि पुन्हा भरत. बंदुकीच्या टोकाला संगीन लावून शत्रूवर चालून जात. अशा शिपायाला आपल्याकडे गारदी म्हणू लागले. पहारा या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून हे नाव आले, असे मानले जाते.

येथे विद्यार्थ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. गारदी हे जातीचे किंवा धर्माचे नाव नव्हे. ते कामाचे नाव आहे. गारद्यांत मुसलमान होते, तसेच हिंदूही होते. पुढे १७७३ साली पुण्यात शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, त्यात सुमेरसिंग, खरगसिंग आणि महंमद इसफ हे गारदी होते. त्या एका घटनेने मराठी भाषेत गारदी हा शब्द बदनाम झाला आणि त्या बदनामीच्या धुळीत बारा वर्षांपूर्वी पानिपतावर पडलेले गारदीही झाकले गेले.

इब्राहिमखान याच शाळेत तयार झाले. तोफखाना आणि कवायती पायदळ या दोन्ही विद्यांत ते निष्णात झाले. बुसीनंतर त्यांनी निजामअलीची चाकरी केली आणि तेथून ते पेशव्यांच्या फौजेत आले. त्यांना आणणारे होते सदाशिवराव भाऊ, म्हणजे नानासाहेब पेशव्यांचे चुलतभाऊ आणि राज्याचे कारभारी.

ही नेमणूक सोपी नव्हती. १७५९ साली मुजफ्फरखान नावाच्या दुसऱ्या एका गारदी सरदाराने पुण्यात भाऊंवर प्राणघातक हल्ला घडवून आणला होता. त्या गुन्ह्याबद्दल त्याला देहदंड झाला. एका गारद्याने असा दगा केला असता भाऊंनी सगळ्या गारद्यांना दूर लोटले असते तर त्यांना कोण दोष देणार होते? पण एकाच्या अपराधाची शिक्षा त्यांनी दुसऱ्याला दिली नाही. त्यांनी इब्राहिमखानांवर विश्वास टाकला आणि इब्राहिमखानांनी तो अखेरपर्यंत सांभाळला. आजच्या काळात दोन्ही बाजूंनी शिकण्यासारखी ही गोष्ट आहे.

उदगीर आणि आपला खानदेश

फेब्रुवारी १७६० मध्ये मराठवाड्यात उदगीर येथे मराठ्यांनी निजामाचा पराभव केला. या विजयात इब्राहिमखानांच्या तोफखान्याचा वाटा मोठा होता. ज्या निजामाच्या घरची चाकरी पूर्वी केली, त्याच्याविरुद्ध ते आता नव्या धन्याच्या बाजूने लढले. निजाम मुसलमान होता. परंतु त्या काळचा शिपाई धर्म पाहून तलवार उचलत नसे, तो ज्याचे मीठ खाई त्याच्यासाठी लढे.

उदगीरच्या तहात सुमारे साठ लाखांचा मुलूख मराठ्यांना मिळाला. दौलताबाद, विजापूर यांच्याबरोबर अशीरगड आणि बऱ्हाणपूर ही ठाणीही त्यात होती. अशीरगड आणि बऱ्हाणपूर म्हणजे फारुकी राजांच्या वेळची आपल्या खानदेशची जुनी ठिकाणे. आपल्या भागातील पुष्कळ कुटुंबांची सोयरीक आजही बऱ्हाणपुराशी आहे. हा इतिहास कुठल्या दूरच्या देशातला नाही, हे मुलांना कळावे म्हणून सांगितले.

उत्तरेची वाट

उदगीरचा आनंद फार दिवस टिकला नाही. १० जानेवारी १७६० रोजी यमुनेकाठी बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे अब्दालीच्या फौजेशी लढताना पडले होते. ती बातमी दक्षिणेत आली आणि मार्च महिन्यात परतूरहून भाऊंची फौज उत्तरेकडे निघाली. बऱ्हाणपुरावरून पुढे जाऊन तिने नर्मदा ओलांडली. बरोबर नानासाहेबांचे थोरले पुत्र विश्वासराव होते, बाजीराव आणि मस्तानी यांचे पुत्र समशेरबहाद्दर होते आणि इब्राहिमखान आपल्या आठ-दहा हजार गारद्यांनिशी होते.

या गारद्यांचा एक नियम होता. त्यांना दरमहा रोख पगार लागे. मराठी स्वार सरंजामावर आणि लुटीवर निर्वाह करी. गारदी पगारावर जगे. आपल्या माणसांचा पगार थकला की इब्राहिमखान भाऊंच्या डेऱ्यात जाऊन तो मागत. जुन्या सरदारांना हे खुपे. स्वतः भाऊंनाही कित्येकदा राग येई, कारण खजिना रिता होत चालला होता. दिल्लीत तर पैशासाठी बादशाही दिवाणखान्याचे चांदीचे छत काढून वितळवावे लागले. तरीही भाऊंनी या पलटणी तोडल्या नाहीत, कारण त्यांची किंमत त्यांना माहीत होती.

ती किंमत लवकरच सर्वांना दिसली. ऑगस्ट १७६० च्या प्रारंभी इब्राहिमखानांच्या तोफांनी मारा केला आणि दिल्लीचा किल्ला मराठ्यांच्या ताब्यात आला. १७ ऑक्टोबर रोजी कुंजपुरा येथील अब्दालीचे ठाणे याच तोफखान्याच्या आणि गारद्यांच्या बळावर पडले. तेथे धान्याचा मोठा साठा मिळाला. परंतु इतक्यात अब्दालीने बागपत येथे यमुना ओलांडली आणि मराठ्यांचा दक्षिणेकडचा रस्ता अडवला.

उपाशी छावणी

नोव्हेंबरपासून दोन्ही फौजा पानिपतजवळ समोरासमोर बसल्या. मराठ्यांच्या छावणीत शिपायांबरोबर बायका-मुले, बाजारबुणगे आणि तीर्थयात्रेसाठी आलेले लोक होते. रसद बंद झाली. गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले आणि बाहेरून धान्य येण्याची आशा मावळली. जनावरे मरू लागली, माणसे उपाशी राहू लागली.

लढाई कशी करावी यावर मतभेद होते. मल्हारराव होळकर यांच्यासारख्या जुन्या सरदारांचा भर गनिमी काव्यावर होता. इब्राहिमखानांची विद्या निराळी. चौफेर तोफा आणि पायदळ लावून मध्ये बायका-मुले व सामान ठेवावयाचे आणि अशा गोलाने एकत्र पुढे सरकावयाचे, ही त्यांची पद्धत. ती यशस्वी व्हायची तर प्रत्येकाने आपली जागा सोडता कामा नये. शेवटी गोलाचीच योजना ठरली.

या काळात, धर्माचा हवाला देऊन इब्राहिमखानांना फोडण्याचा प्रयत्न झाला, अशी परंपरेने चालत आलेली कथा आहे. पलीकडे अब्दालीची लढाई दीनच्या नावाने चालली होती आणि नजीबखान रोहिल्याने त्याच नावाने अयोध्येच्या शुजाउद्दौलांना आपल्याकडे ओढले होते. पलीकडे धान्य होते, पगार होता, स्वधर्मीयांची शाबासकी होती. अलीकडे उपास होता आणि पगार थकला होता. तरीही इब्राहिमखान आणि त्यांचे गारदी जागचे हलले नाहीत, हा इतिहास आहे.

१४ जानेवारी १७६१

या दिवसाची सर्वात मोलाची साक्ष काशीराज नावाच्या गृहस्थांची आहे. काशीराज हे दक्षिणी ब्राह्मण. पण ते शुजाउद्दौलांच्या पदरी असल्यामुळे त्या दिवशी अब्दालीच्या बाजूला होते. त्यांनी पुढे १७८० च्या सुमारास फारसीत आपला वृत्तांत लिहिला.

ते लिहितात त्याचा आशय असा, की पहाटे उपाशी मराठे तोंडाला हळद लावून, मरणाची तयारी करून छावणीबाहेर पडले. लढाईच्या तोंडावर इब्राहिमखान भाऊंपुढे गेले, मुजरा केला आणि म्हणाले की, माझ्या माणसांच्या पगाराचा मी तगादा लावी म्हणून आपण माझ्यावर रागावत होता. तो पगार आम्ही फुकट घेतला नाही, हे आज आपल्याला दिसेल. त्यानंतर त्यांनी निशाण स्वतःच्या हाती घेतले.

मराठ्यांच्या डाव्या बगलेवर इब्राहिमखान होते, त्यांच्याजवळ दमाजी गायकवाड आणि विठ्ठल शिवदेव विंचूरकर होते. समोर रोहिले होते, हाफिज रहमतखान आणि दुंदेखान यांचे. इब्राहिमखानांनी दोन पलटणी बगलेच्या रक्षणाला ठेवल्या आणि सात पलटणी घेऊन संगिनी रोखून ते रोहिल्यांवर चालून गेले. रोहिल्यांचे आठ-नऊ हजार लोक मेले किंवा जखमी झाले, असे काशीराज सांगतात. त्या सकाळी विजय मराठ्यांच्या बाजूला झुकला होता.

पण गोलाचा नियम मोडला. मोकळे मैदान दिसताच काही स्वारांनी गारद्यांच्या पुढे घोडे घातले. आपलीच माणसे समोर आल्यावर तोफा डागणार कशा? मराठ्यांच्या तोफा मोठ्या आणि जड होत्या; दुरून त्या फार परिणामकारक, पण शत्रू जवळ आला की त्या लवकर फिरवता येत नसत. अब्दालीकडे उंटांवर बसवलेल्या हलक्या जंबुरका होत्या. त्या हव्या तिकडे नेता येत. दुपारनंतर अब्दालीने राखून ठेवलेली ताजी फौज पुढे घातली. विश्वासराव गोळी लागून पडले. भाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले आणि गर्दीत शिरले. काही सरदारांनी मैदान सोडले. मराठी फौजेची फळी फुटली.

इब्राहिमखान मैदानातून गेले नाहीत. त्यांच्या सातांपैकी सहा पलटणी जवळजवळ नष्ट झाल्या. त्यांच्या अंगावर भाल्यांच्या अनेक जखमा होत्या आणि बंदुकीची एक गोळीही लागली होती. अशा अवस्थेत ते शत्रूच्या हाती सापडले.

अखेर

शुजाउद्दौलांनी त्यांना आपल्या छावणीत लपवले. जखमा बऱ्या करून त्यांना गुपचूप लखनौकडे पाठवावे असा त्यांचा विचार होता. पण ही गोष्ट फुटली. ज्यांचे भाऊबंद सकाळी गारद्यांच्या हातून मेले होते, त्यांनी इब्राहिमखानांची मागणी केली. शेवटी त्यांना अब्दालीपुढे उभे करण्यात आले.

पुढे काय झाले, हे सांगताना परंपरा आणि वृत्तांत यांच्या वाटा वेगळ्या होतात. परंपरेतील इब्राहिमखान शाहापुढे देश आणि धर्म यांवर बाणेदार उत्तर देतात. नाटक-सिनेमाला असे प्रसंग फार आवडतात. काशीराजांच्या वृत्तांतातील इब्राहिमखान इतकेच म्हणतात की, नशिबावर कोणाचा इलाज नाही. माझा धनी मारला गेला, मी जखमी होऊन कैदेत आहे. जगलो आणि शाहांनी चाकरीला ठेवले, तर जी निष्ठा भाऊंशी दाखवली तीच त्यांच्याशीही दाखवीन.

वर्गात हे सांगताना मी क्षणभर अडखळलो. एका मुलाने लगेच विचारले की, म्हणजे सर, ते अब्दालीकडेही गेले असते? मी हो म्हणालो. मुलांचा थोडा हिरमोड झालेला दिसला. पण खोटे सांगून मुलांना अभिमान देण्यापेक्षा खरे सांगून आदर देणे बरे, असे मला वाटते. इब्राहिमखान हे आजच्या अर्थाने देशभक्त नव्हते. तशी कल्पनाच त्या काळी फारशी कोणाजवळ नव्हती. ते एक व्यवसायी शिपाई होते. पण धनी जिवंत असेपर्यंत, उपाशी पोटी आणि धर्माच्या हाकेपुढेही, त्यांनी आपला शब्द मोडला नाही. खाल्ल्या मिठाला जागणे म्हणजे काय, ते त्यांनी दाखवून दिले.

त्यांना वजीर शहावलीखान याच्या ताब्यात देण्यात आले. तेथे त्यांच्या जखमांवर औषधाऐवजी विष लावले गेले आणि सातव्या दिवशी त्यांचा अंत झाला, असे काशीराज नमूद करतात.

कोण कोणत्या बाजूला

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळू. पानिपतावर आपण कोणत्या बाजूला होतो?

मराठ्यांच्या बाजूला इब्राहिमखान आणि त्यांचे हजारो गारदी होते. समशेरबहाद्दर होते, ते जखमी होऊन भरतपूर येथे वारले, तेव्हा त्यांचे वय सत्तावीसच्या आसपास होते. अब्दालीच्या बाजूला शुजाउद्दौलांच्या सैन्यात अनूपगीर गोसावी आणि त्यांचे नागा गोसावी होते. कारकुनीत काशीराज होते. शुजाउद्दौला स्वतः शिया, त्यांच्याभोवतीचे बहुतेक सरदार सुन्नी, आणि त्यांच्यात परस्पर संशय होता. सूरजमल जाट दिल्लीतून रुसून निघून गेले होते. पण लढाईनंतर वाताहत झालेल्या मराठ्यांना अन्न, वस्त्र आणि आसरा त्यांनीच दिला.

आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. विश्वासराव आणि भाऊ यांच्या देहांची विटंबना होऊ नये, त्यांच्यावर त्यांच्या धर्माप्रमाणे अंत्यसंस्कार व्हावेत, म्हणून अब्दालीजवळ रदबदली करणारे शुजाउद्दौला मुसलमान होते. आणि इब्राहिमखानांच्या निष्ठेची व मृत्यूची साक्ष लिहून ठेवणारे काशीराज ब्राह्मण होते. एका बाजूस सारे हिंदू आणि दुसऱ्या बाजूस सारे मुसलमान, असे पानिपत कधी झालेच नाही.

चित्रपट काय करतो

२०१९ च्या 'पानिपत' चित्रपटाचे दिग्दर्शक आशुतोष गोवारीकर. त्यात इब्राहिमखानांची भूमिका नवाब शाह यांनी केली आहे. या चित्रपटात ते मराठी फौजेत दिसतात, हे दिग्दर्शकांच्या बाजूने मान्य केले पाहिजे. तरी चित्रपट भाऊ आणि पार्वतीबाई यांचा आहे. इब्राहिमखान कडेला राहतात. त्यावेळी अब्दालीच्या चित्रणावरून अफगाणिस्तानात नाराजी उमटली, कारण तेथे तो राष्ट्राचा संस्थापक मानला जातो. सूरजमल यांच्या चित्रणावरून राजस्थानात निदर्शने झाली आणि चित्रपटाला कात्री लावावी लागली. इब्राहिमखानांसाठी मात्र कोणी बोलल्याचे माझ्या वाचनात नाही. त्यांच्यासाठी निदर्शने व्हावीत असे मी मुळीच म्हणत नाही. त्यांच्यासाठी एखादे पुस्तक वाचले जावे, एवढेच म्हणतो.

हा प्रकार केवळ आपल्याकडेच आहे असेही नाही. सुलतान सलाहुद्दीन अय्यूबी यांच्यावर १९६३ साली इजिप्तमध्ये युसूफ शाहीन यांनी मोठा चित्रपट काढला. शाहीन स्वतः ख्रिस्ती घराण्यातले. त्या चित्रपटात ईसा अल-अव्वाम हा सलाहुद्दीन यांचा निष्ठावंत ख्रिस्ती सरदार दाखवला आहे. इतिहासातील ईसा हा मुसलमान होता. अक्काच्या वेढ्यात समुद्रातून पोहत जाऊन तो पैसा आणि पत्रे पोहोचवीत असे. अरब मुसलमान आणि ख्रिस्ती एक आहेत, हे सांगण्यासाठी चित्रपटाने त्याचा धर्म बदलला. हेतू चांगला होता, पण इतिहास बदलला. २००५ साली रिडली स्कॉट यांनी जेरुसलेमवर इंग्रजी चित्रपट काढला. त्यात सलाहुद्दीन उदार दाखवले आहेत, पण शहर राखणाऱ्या बालियनला फ्रान्समधला लोहार केले आहे; वास्तविक तो तिकडचाच जन्मलेला सरदार होता.

आपल्याकडे मात्र असा निष्ठावंत माणूस कल्पनेने निर्माण करण्याची गरजच नाही. तो खरोखर होऊन गेला. काशीराजांसारख्या साक्षीदाराने त्याची नोंद करून ठेवली. फक्त आपण त्याला विसरलो.

पालकांना आणि विद्यार्थ्यांना

पालकांना माझी नम्र विनंती आहे की, मुलांना ऐतिहासिक चित्रपट पाहू नका असे नुसते सांगून भागणार नाही. ते पाहणारच. शक्य तर त्यांच्याबरोबर बसून पाहा. चित्रपट संपल्यावर त्यांना विचारा की, यात खरे कोण होऊन गेले? हे कोणी लिहून ठेवले? लिहिणारा तेथे हजर होता काय? दोन्ही बाजूंना कोण कोण होते? आणि जो दाखवला नाही, तो कोण? एवढे प्रश्न मुलाला पडू लागले की समजा, तो इतिहास शिकू लागला. आपल्या घरांतील मुलींनाही हे प्रश्न विचारू द्या. त्या अनेकदा मुलांपेक्षा बारकाईने पाहतात, असा माझा वर्गातील अनुभव आहे.

आणखी एक सावधगिरी बाळगावी. चित्रपटात खलनायक मुसलमान दाखवला म्हणून घरात बसून दुसऱ्या समाजाला नावे ठेवणे हेही योग्य नाही. अब्दालीच्या फौजेने दिल्ली-मथुरेत केलेली लूट आणि कत्तल खरी आहे. ती झाकण्याची आपल्याला गरज नाही. जुलूम करणारा कोणत्या धर्माचा होता यावरून तो जुलूम कमी-जास्त होत नाही. अब्दालीचा हिशेब त्याच्याजवळ. आपल्या मुलांनी तो आपल्या अंगावर घेण्याचे कारण नाही.

विद्यार्थी मित्रांनो, इब्राहिमखान यांच्याकडून घेण्यासारख्या दोन गोष्टी आहेत. पहिली म्हणजे हुनर. त्या काळातील सर्वात नवी विद्या, मग ती फ्रेंचांची का असेना, त्यांनी मनापासून शिकून घेतली. म्हणूनच दक्षिणेतील सत्तांना त्यांची गरज भासली. पेशव्यांच्या दरबारात त्यांच्यामागे घराणे नव्हते, वशिला नव्हता. कामातील तरबेजपणा होता. आज तोफखान्याची जागा विज्ञान, गणित, संगणक आणि भाषांनी घेतली आहे. ज्याच्या हाती हुनर आहे, त्याला बाजूला सारणे कोणालाही परवडत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे इमान. एकदा दिलेला शब्द अडचणीच्या दिवशी पाळावयाचा असतो; सोयीच्या दिवशी तो कोणीही पाळतो.

त्या दिवशी तास संपण्याची घंटा झाली. तो मुलगा पुन्हा उभा राहिला आणि म्हणाला की, सर, म्हणजे आपण दोन्ही बाजूंना होतो. मी म्हणालो की, होय, आणि दुसरेही दोन्ही बाजूंना होते. तो खाली बसला आणि त्याने वहीत काहीतरी लिहून घेतले. नंतर वह्या तपासताना मी पाहिले, तर धड्याच्या शेवटी एक नाव त्याने आपल्या अक्षरात लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या होत्या. ते नाव होते इब्राहिमखान गारदी.